सतरा चिमटे

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (अर्धीच वाकले आहे. पूर्ण वाकलं की कंबर तिथेच अडकते, त्याचं कारण पुढे येईल.)

"तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" हा तुमच्या पत्रातला प्रश्न मी चार वेळा वाचला, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही हे आधीच कबूल करते. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा चष्मा सापडला का, तुमच्या लाकडाच्या कारखान्यात भुशाच्या पोत्यावर झोपणाऱ्या मांजरीला यंदा किती पिल्लं झाली, हे सगळं विचारायचं आहेच. पण प्रश्न टाळण्यासाठी विचारते आहे असं वाटायला नको, म्हणून आधी तोच घेते. भाची काय करते असं गिऱ्हाइकं विचारतात आणि तुम्हाला सांगता येत नाही, हे मी समजू शकते. आपल्या घरातही एकमत नाही. आई सांगते, मोठं संशोधन करते. बाबा सांगतात, मुलं सांभाळते. धाकटा सांगतो, ती नुसती बसून असते. दुःखाची गोष्ट अशी की तिघांत धाकटा सगळ्यात बरोबर आहे.

आमच्या केंद्रात तीन ते पाच वर्षांची मुलं येतात. काही उशिरा चालायला लागलेली, काही न बोलणारी, काहींना मिक्सरचा आवाजही सहन होत नाही, आणि त्यांच्याच खोलीत त्यांच्याच बरोबरीने साधी सरळ वाढणारी मुलं. (साधं सरळ म्हणजे काय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. परवा त्यांच्यातल्याच एकाने माझी चप्पल माशांच्या टाकीत सोडली.) माझ्या प्रबंधासाठी मी कोपऱ्यात एका उंच खुर्चीवर बसते आणि एकेका मुलाकडे वीस मिनिटं बघते. दर अर्ध्या मिनिटाला कागदावर खूण. मूल आपणहून आईकडे गेलं (काही आया खोलीतच बसतात), बाईंकडे गेलं, की दुसऱ्या मुलाकडे, असे तीन रकाने. उरलेला वेळ मुलांच्या वीतभर खुर्च्यांवर बसून मदत करते, त्यामुळे कंबर. नियम एकच, पण कडक आहे: बघणाऱ्याने हसायचं नाही, बोलायचं नाही, मुलाने हात धरला तरी हात द्यायचा नाही. आपण भिंत आहोत असं समजायचं, नाहीतर मूल आपल्यामुळे वेगळं वागतं आणि अभ्यास नासतो. नियम चांगला आहे, मामा. परीक्षेत मी तो आठ ओळींत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि तो मी इतक्या निष्ठेने पाळला की सफाईच्या मावशींनी एकदा माझ्या गुडघ्यावर ओलं फडकं वाळत घातलं, आणि तासाभराने येऊन ते उलटवलं.

आता मुकादम. ही चार वर्षांची मुलगी आहे. हात मागे बांधून खोलीत फेरी मारते, नळ बंद आहेत का बघते, वाकड्या चपला सरळ करते, म्हणून सगळे तिला मुकादम म्हणतात. अजून एक शब्दही बोललेली नाही. रोज फेरी मारता मारता ती माझ्या खुर्चीपाशी थांबायची, फ्रॉकच्या खिशातून कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा काढायची, माझ्या ओढणीला लावायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी समोर बघायचे. ती थांबायची. (एकदा घड्याळ लावलं तर चाळीस सेकंद. चार वर्षांच्या मुलासाठी ही जवळजवळ अख्खी उन्हाळ्याची सुट्टी झाली.) मग ती जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मी चिमटे खणात टाकत गेले आणि कागदावर स्वच्छ मनाने लिहीत गेले: कुणाकडेही गेली नाही. एक दिवस चिमटा काढायचा राहिला, तर बसमध्ये एका आजोबांनी मला सांगितलं, "पोरी, वाळलीस आता, उतर खाली."

सतराव्या दिवशी संध्याकाळी तिची आई आली. ती धुलाईच्या दुकानात कामाला आहे, आणि तिच्या स्वतःच्या घरचे चिमटे एकेक करून नाहीसे होत होते. तिचे कपडे उडून शेजारच्या गच्चीवर जात होते. तिचा संशय सासूबाईंवर होता, आणि त्या संशयापायी घरात आठ दिवस अबोला चालू होता. मोठ्या बाईंना (म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख) ती हे सांगत असताना मी आपली खण उघडला. मला वाटलं ती रागावेल. ती खाली बसली आणि एकेक चिमटा हातात घेऊन बघत राहिली. "हातातलं बिस्कीट ती मलासुद्धा देत नाही," म्हणाली. मग तिने मला विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणायचात तिला?"

मी काही म्हणायचे नाही, मामा. मी भिंत होते.

पुढचं ऐका. माझे कागद शुक्रवारी मोठ्या बाईंच्या बैठकीत जातात. महिनाभर आपणहून कुणाकडेही न गेलेलं मूल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या वर्गात पाठवतात. तिथे सहा मुलं आहेत आणि सहाही गप्प आहेत. रोज दोन बस बदलून तिला पोचवायचं तर आईला काम सोडावं लागेल. मी कागद आणि सतरा चिमटे घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत हो. तीस वर्षं हेच करताहेत, प्रत्येक मुलाचा एक जादा फ्रॉक किंवा चड्डी त्यांच्या कपाटात असते. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, नियमाप्रमाणे तू त्या खोलीत नव्हतीस.

"मग चिमटे कुणाला लावले?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग सरळ सांगितलं. कागद आहेत तसे ठेवले तर माझा अभ्यास निर्मळ, आणि मुकादमचं शून्य. खरं लिहिलं तर मी भिंत उरत नाही आणि ते मूल माझ्या अभ्यासातून गळतं. अभ्यासाला बारा मुलं लागतात, माझ्याकडे मोजून बारा आहेत. नवं मूल म्हणजे नवा महिना, प्रबंधाची तारीख हुकणार, पदवी पुढच्या वर्षावर. (आणि तुम्ही तर अख्ख्या कारखान्यात सांगून ठेवलंय की यंदा भाची वरची पदवी घेणार.) शेवटी बाई म्हणाल्या, "तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस. माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी लिहिलं नव्हतं."

तुम्ही नेहमी म्हणता, माप चुकलं तर लाकडाला शिव्या देऊ नयेत. पण माप मीच शिकले होते, आणि ते चुकलेलंही नव्हतं. त्यात फक्त मी नव्हते. तर मामा, तुम्ही वडीलधारे आहात. काय करू, सल्ला द्या.

तुमची भाची (यंदा तरी एकाच पदवीची)

ता. क. एक: मला एक बुटकं स्टूल करून पाठवाल का? माझ्या कंबरेला झेपेल आणि मुकादमच्या तोंडासमोर माझं तोंड येईल इतकं. मापासाठी दोरा सोबत जोडला आहे.

ता. क. दोन: आज तिने चिमटा लावल्यावर मी "अरे वा, मला?" म्हटलं. तिने तो काढला आणि पुन्हा लावला. हे अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तिने ओढणीचं टोक माझ्या हातात दिलं, म्हणजे आता मी लावायचा.

ता. क. तीन: पत्र खरं तर ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. आईला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते. पदवीचं आधी सांगू नका, चिमट्यांपासून सुरुवात करा. वर सल्ला मागितलाय तो खोडत नाही, तुम्हाला विचारल्याचं समाधान मला राहू दे. पण कालच मी कागदावर चौथा रकाना पेनाने आखला, त्यात सतरा खुणा केल्या, खाली सही केली आणि कागद बाईंच्या टेबलावर ठेवून आले. आणि ती उंच खुर्ची रखवालदाराला देऊन टाकली.