सिग्रिडचं गाव आणि आप्पांचं गाव

३ नोव्हेंबर
आज परत सिग्रिड. म. ऑफिसातून आला, बूटही काढले नाहीत अन् सुरू. (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिणार नाही, चिडलेय.) ही त्याच्या इथल्या, आखातातल्या ऑफिसातली नॉर्वेची नवी बाई. तिकडे एवढ्याशा खेड्यालाही स्वतःची नगरपालिका असते म्हणे. तिचे वडील तिथले शेवटचे महापौर. मेंढ्या पाळायचे, कुणी नव्वदीचं झालं की स्वतः फुलं घेऊन घरी जायचे. मग सरकारनं ती पालिका शेजारच्या मोठ्या गावाला जोडून टाकली. "तुला नाही कळायचं गं, गावाचं ऑफिस जाणं म्हणजे काय."
मला नाही कळायचं! माझे आप्पा दहा वर्षं सरपंच. याच महिन्यात आमचं गाव नगरपरिषदेच्या हद्दीत जातंय. २८ला शेवटची ग्रामसभा. महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, दोघं जाऊ. तर म्हणे रजा मिळत नाही.

७ नोव्हेंबर
इथे जवळच, फिंतासला समुद्रावर गेलो. म.नं फोनवर फोटो दाखवला. तिच्या गावचं ऑफिस, पिवळं, लाकडी, बर्फात. "किती साधं ना?" आमची ग्रामपंचायत बघून काय म्हणाला होता? "इथे पंखा नाही का?"
बाईचा नव्हे, इमारतीचा फोटो. तरी जळफळाट. सांगू कुणाला?

९ नोव्हेंबर
आप्पांचा फोन. "जावईबापू येतायत ना?" मी हो म्हणाले. खोटंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बोलावलंच तिला जेवायला. बघायचंच होतं एकदा. पन्नाशीची, उंच, जाड चष्मा. खरडा खाऊन डोळ्यांत पाणी, तरी परत वाढून घेतला. म. पाणी घेऊन धावला. मला ठसका लागला की हा टीव्हीचा आवाज वाढवतो.
"ती फुलांची गोष्ट सांग ना हिला," म. तिला म्हणाला. मग माझा ताबा सुटला. माझेही वडील, माझंही गाव, २८ तारीख, सगळं इंग्रजीत, अडखळत.
तिनं चमचा खाली ठेवला. "मग ते सकाळी उठून कुठे जातील?"
हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा आप्पांना नाही.
म्हणाली, "मी शेवटच्या सभेला गेले नाही. तेव्हाही इथेच होते, दुसऱ्या कंपनीत, कामात. वडिलांनी एकट्यानं ऑफिसचे दिवे बंद केले. तुम्ही दोघं जा."
ती गेल्यावर भांडी घासता घासता रडले. मेली चांगली निघाली. वाईट असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर
म.ला रजा मिळाली. साहेबांनी लगेच दिली म्हणे. इतके दिवस का नाही दिली, विचारलं. खाली बघून म्हणाला, "अर्ज आजच केला."
म्हणजे महिनाभर मी भिंतीशी बोलत होते. तिनं एकदा सांगितलं आणि हा निघाला. आनंद व्हायला हवा, आप्पांना किती बरं वाटेल. होत नाहीये.
"ग्रामसभेचे फोटो सिग्रिडला पाठवू या हं," आतून ओरडला आत्ता.
तिकिटाचं पान उघडून बसलेय. प्रवासी किती, विचारतंय. अजून भरलेलं नाही.