जव्हारच्या दुकानात अडकलेला माझा ॲम्प्लिफायर

मी, सोमा लक्ष्मण भोये, वय ६८, धंदा शेती व रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला दम लागतो तो छातीत, डोक्यात नाही. पुतण्या कमलेश "काकाचं डोकं फिरलंय" असं जव्हारभर सांगत असतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर व भाताचे खाचर : मुलगा दिपेश भिवंडीला कामाला असतो. शिमग्याला येतो, कोंबडी खातो, जातो. तरी निम्मे त्याचे. निम्मे त्याची बायको योगिता हिचे, कारण नाचणी ती लावते.

२. पोस्टातील शिल्लक पत्नी गौराबाई हिला. त्यातून तिने आधी जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले घ्यावे. जुन्याचे बूड मी कापले, त्यावरून नऊ वर्षे ऐकून घेतले. आता तो विषय संपला.

३. सोल्डरिंग गन, मीटर व बाकी हत्यारे योगिताला. कमलेशला साधा स्क्रूड्रायव्हरही देऊ नये.

४. ॲम्प्लिफायर : शाळेने कॉम्प्युटर भंगारात काढला, त्याचे दोन स्पीकर मी आणले. आवाज इतका बारीक की डास बरा. म्हणून त्यांच्यासाठी मी ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. आवाज वाढवणारी आयसी जव्हारचे मेकॅनिक रफीकभाई यांनी दिली. ट्रान्सफॉर्मर मोडक्या टेपचा, खोका सागाचा, आणि आयसी तापू नये म्हणून तिच्या पाठीला वर सांगितलेले पातेल्याचे बूड. चालू केला तर गाणे मोठे झाले, पण त्याच्यामागे भुंग्यासारखी घूं. दोन महिने ती हटेना. रफीकभाई म्हणाले, "सोमा, गाना कम, घूं ज्यादा. फेंक दे." मी फेकला नाही. पुढे घूं गेली आणि अंगणातले गाणे पलीकडच्या पाड्यावर स्वच्छ ऐकू येऊ लागले.

५. चार वर्षांपूर्वी दिवाळीत कमलेशने तो "दोन दिवसांसाठी" नेला. आजही तो त्याच्या दुकानात दर्शनी ठेवलेला आहे, वर 'कमलेश साउंड' असा स्टिकर. गिऱ्हाईकाला सांगतो, मीच बनवला. मागायला गेलो तर चार लोकांसमोर म्हणाला, "काका, तुम्ही भात झोडा." हे मी विसरलेलो नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही. माझ्या बाराव्याच्या आत त्याने वस्तू घरी आणून द्यावी व दुकानात उभे राहून खरे काय ते सांगावे. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये. दोन दिवसांसाठी म्हणून नेईल आणि परत आणणार नाही.

६. ॲम्प्लिफायर योगिताला. याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी अर्थच्या तारा जिथे जवळ पडेल तिथे जोडल्या होत्या. योगिता वांगणीची, सातवी शिकलेली. खळ्यात मधल्या खांबाला, मेढीला, बैल बांधून मळणी चालली होती. तिथून पाणी प्यायला आली, उघडा खोका बघून म्हणाली, "मामा, बैल आठ आसले तरी खळ्यात मेढ येकच आसते. तुमी ह्या तारा आठ ठिकाना का बांधल्या?" मी म्हणालो, "तू चूल बघ." ती गेल्यावर सगळ्या तारा एका जागी आणून जोडल्या. घूं तिथेच थांबली. संध्याकाळी पाड्याला सांगितले, मी शोधून काढले. ती तिथेच चुलीपाशी भाकरी थापत होती.

कमलेश चोर आहेच. पण त्याने माझे जे चोरले, ते आधी मी चोरले होते. झाकणाच्या आत माझे नाव लिहिले आहे. ते खोडून योगिताचे लिहावे. मला लाज वाटते. एवढे पुरे.

ठिकाण : साखरशेत. दिनांक १६ नोव्हेंबर २०२५.
सही : सोमा लक्ष्मण भोये

साक्षीदार १ : रफीक शेख, जव्हार. सोमाने माझ्यासमोर सही केली. घूं कशी गेली ते मलाही आजच कळले.

साक्षीदार २ व लेखनिक : रंजना वातास, अंगणवाडी सेविका. कलम सहा सांगण्याआधी त्यांनी योगिताला "चूल बघ" म्हणून आत पाठवले. ती गेली नाही, दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती, हे मी समक्ष पाहिले आहे.