निवल्यानंतर घेतलेले माप

कै. सौ. अहल्या सूर्यकांत वाबळे, हा दस्तऐवज कायद्याने तुला उद्देशून लिहिता येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही तो प्रथम तुलाच वाचून दाखवीत आहे. बेचाळीस वर्षे माझा प्रत्येक अर्ज प्रथम तूच ऐकलास आणि बहुतेक वेळा "चार वाक्यं कमी करा" एवढेच म्हणालीस. या वेळी ते जमलेले नाही.

मी, सूर्यकांत गोविंदराव वाबळे, बी.एस्सी., वय एकाहत्तर, यशवंतपूर येथील एका कारखान्याच्या मोजमाप विभागाचा निवृत्त प्रमुख, राहणार चामराजपेट, बेंगळुरू, असे जाहीर करतो की माझी बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब गोळीच्या आधाराने ठीक आहे आणि मला हे लिहावयास कोणीही भाग पाडलेले नाही. दिनांक २२ नोव्हेंबर २०२३ रोजी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात मी आपली एकुलती एक कन्या केतकी हिला वारसाहक्कातून वगळले होते.

१. वगळण्याचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. तुझ्या तेराव्याच्या दिवशी, तू भाड्याने घेतलेल्या शिवणखोलीत येणाऱ्या बायका "तासभर आत बसू द्या" असे म्हणाल्या. मी नकार दिला व खोलीला कुलूप लावले. तेव्हा केतकी सर्वांसमक्ष म्हणाली, "आई शहाणी होती, अप्पा. तुम्ही नुसते शिकलेले आहात." दुसऱ्याच दिवशी मी वकिलांकडे गेलो.

२. पुढील दोन वर्षे मी तिला द्यावयाच्या उत्तराची तयारी केली. शहाणपण म्हणजे काय व ते कोठून येते, या विषयावरील सतरा ग्रंथ वाचून टिपणे काढली. हे ग्रंथ पेटेतील वाचनालयास द्यावेत. टिपणे देऊ नयेत.

३. तुझी पद्धत मला नेहमीच टाळाटाळ वाटत आली. कोणी भांडण किंवा अडचण घेऊन आले की तू त्याच्यापुढे अवऱ्याच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगांनी भरलेले सूप सोलायला ठेवीत असस. हंगाम नसला तर लसूण. या खोलीचे मालक श्री. हंबीरराव एकदा खोली रिकामी करा, मुलाला दुकान काढून द्यायचे आहे, असे सांगावयास आले होते. तू म्हणालीस, "हंबीरअण्णा, स्वल्प बसा. एवढ्या सोला, मग बोलू." दोन किलो शेंगा सोलून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "त्याला दुकान नकोच आहे, अक्का. तो परगावी जाईल म्हणून मीच घाबरलोय." तू फक्त "सरी", म्हणजे बरं, एवढेच म्हणालीस आणि दाण्यांतला अर्धा वाटा त्यांना बांधून दिलास. ही हकीकत त्यांच्या संमतीने लिहिली आहे.

४. या महिन्यात बाजारात अवरे आले. केतकीला द्यावयाचे उत्तर पक्के करावे म्हणून मी दोन किलो शेंगा घेतल्या, कुलूप काढले आणि तुझ्या जागी बसून सोलू लागलो. निम्म्या शेंगा झाल्या तेव्हा उत्तर सापडेना. तिचे वाक्य बरोबर असावे, अशी शंका मात्र आली. मी तिला संदेश पाठवला: शेंगा जास्त झाल्या आहेत, एकट्याने होत नाहीत.

ती होसकोट्याहून दोन बस बदलून आली. चप्पल काढताना म्हणाली, "जून आहेत, अप्पा. बाजारवाल्याने तुम्हाला बघूनच दिल्यात." मग ती समोर बसून सोलू लागली. शेवटी मी म्हणालो, "ही युक्ती तुझ्या आईला कोणी शिकवली, ते मला एकाही ग्रंथात आढळले नाही."

"तुम्हीच," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी जेवताना सांगितलं होतंत म्हणे. यंत्रावरून उतरलेला तुकडा गरम असतो, फुगलेला असतो. तो लगेच मोजायचा नाही, निवू द्यायचा. आई म्हणायची, ह्यांना हे कारखान्यातून घरी आणायचं सुचलं नाही, म्हणून मी आणलं."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टिपणं काढली असतीत."

मी छत्तीस वर्षे एकही गरम तुकडा मोजला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोटची मुलगी मोजली, आणि ते माप शिक्क्यासह नोंदवले. ते बाद समजावे.

५. चामराजपेटेतील राहते घर व माझी सर्व शिल्लक केतकीस विनाअट द्यावी. पूर्वीच्या मसुद्यात तिने माफी मागावी अशी अट घातली होती. माफी मी मागितली आहे. ती म्हणाली, "तिकडच्या शेंगा आधी संपवा." या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

६. शिवणयंत्र तुझ्याबरोबर एकोणीस वर्षे शिवणाऱ्या श्रीमती पद्मावती यांना. पट्टा मी बदलून घेतला आहे.

७. माझा सूक्ष्ममापक, पेटीसह, केतकीस. तो नसला तरी तिचे अडणार नाही, तथापि तिने तो मागितला आहे.

८. चुलतबंधू मल्हारराव यांनी १९९८ साली नेलेली लोखंडी शिडी त्यांना बक्षीस दिली असे समजावे. ती पूर्वीपासून आपलीच आहे, असे त्यांनी यापुढे सांगू नये.

९. तुझे शहाणपण माझ्या मालकीचे नसल्याने ते कोणाच्या नावे करता येत नाही. शिवणखोली आता मालकांना परत करीत असल्याने तुझी तीन सुपे व चार पाट माझ्या घराच्या पुढच्या व्हरांड्यात ठेवले आहेत. मी हयात असेपर्यंत तेथे मी बसेन. कोणीही यावे. मी सल्ला देणार नाही, ही माझी हमी आहे. माझ्यामागे व्हरांडा उघडा ठेवावा, अशी केतकीस विनंती आहे, अट नव्हे.

हा लेख पाच दिवसांपूर्वी लिहून बाजूला ठेवला होता. आज पुन्हा वाचला. शिडीचे कलम थोडे सौम्य केले. बाकी माप तेच आले, म्हणून सही करीत आहे.

सही: सूर्यकांत गोविंदराव वाबळे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. हंबीरराव जगदाळे, खोलीमालक
२. डॉ. कस्तुरी मोहिते, शेजारी

स्थळ: शिवणखोली, चामराजपेट, बेंगळुरू
दिनांक: १८ जानेवारी २०२६

नोंद: सह्यांनंतर खोली झाडून घेतली. पद्मावतीबाईंनी यंत्र नेले. दुपारी साडेबारा वाजता केतकीने दाराला कुलूप लावले, मी ते एकदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या श्री. हंबीरराव यांना परत केल्या.