भाकर म्हणेपर्यंत

आई, परवा नगरच्या एका शिबिरात मी माईकवर बोलले. दुभंगलेल्या टाळूच्या लेकरांचे आईबाप समोर बसले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण माझी टाळूही जन्मतः तशीच होती आणि आता मी ग्रामसभेत उभी राहिले की सरपंच कागद आवरायला लागतो. अर्धा तास बोलले, सगळं तुझ्याबद्दलच. तू असतीस तर मागून पदर ओढला असतास, "बस कर आता, लई झालं." तुला जाऊन वीस वर्षं झाली, पण तुझी लेक म्हणून मी त्या दिवशी चांगली दोन बोटं उंच झाले होते.

ग्रहणात तू काहीतरी चिरलंस म्हणून मी अशी झाले, असं आजी म्हणायची. तू ते ऐकून घ्यायचीस आणि बोंडल्याने मला थेंब थेंब दूध पाजायचीस, कारण ओढलेलं दूध माझ्या नाकातून बाहेर यायचं. पुण्याला ऑपरेशन झालं तेव्हा मी सहा वर्षांची होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं साल. टाळू शिवली गेली, पण शब्द नाकातूनच येत राहिले. शाळेत पाटीवर सगळं बरोबर लिहायचे आणि गुरुजींनी विचारलं की एक अक्षर त्यांना कळायचं नाही. शेवटी ते आबांना म्हणाले, "हिला इथं बसवून काय करू? घरी कामाला तरी येईल." आबा मान खाली घालून उभे राहिले. तू पुढे झालीस. "दिवाळीपतूर थांबा, गुर्जी. तवर न्हाई बोलली तर मीच काढून नेते."

पुण्याच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. नाकाखाली आरसा धरून 'पा' म्हणायचं, आरशावर वाफ येता कामा नये, हे त्यांनी दाखवलं आणि सांगितलं की घरच्यांनी हिचं सगळं लाडाने समजून घेऊ नका, हिला म्हणू द्या. तू ते शब्दशः घेतलंस. तुझं सगळंच असं, एक सांगितलं की दीड करायचं. संध्याकाळ झालीय, चूल पेटलीय, टोपल्यात गरम भाकरी आहेत आणि त्यांच्यावर तुझा हात. मी म्हणते, "माकर." तू म्हणतेस, "काय पायजे? न्हाई कळलं." मी पुन्हा म्हणते, मग रडते. आबा चिडतात, "अगं दे की तिला. कळतंय तुला." तू तव्यावरची भाकर उलटत म्हणतेस, "मला कळतंय. गुर्जींना कळत न्हाई." असं दोन संध्याकाळी झालं. दोन्ही वेळा मी भाकरीशिवाय चुलीपासून उठले आणि तूही जेवली नाहीस.

पुढच्या खेपेला तू हे त्या बाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलंस. मग माझ्या मागे जाऊन त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं, मी वळलेच नाही. "हिचा कान वाहतो का?" "व्हय. लसणाचं तेल घालती की रोज." बाई म्हणाल्या, तेल आजपासून बंद. टाळू अशी असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, हिला कमी ऐकू येतंय. "जे तिला नीट ऐकूच येत नाही, ते ती म्हणणार कसं? आणि उपाशी ठेवून कुणी बोलायला शिकतं का?" परतीच्या गाडीत श्रीगोंद्यापर्यंत तू तोंडावरचा पदर काढला नाहीस.

त्यानंतर कानांवर उपचार झाले आणि आपल्या घरात पहिली भाकर माझ्या ताटात पडायला लागली, बोलायच्या आधी. मग आबांचा दाढीचा आरसा, तू माझ्या उजव्या, बऱ्या कानाकडे बसलेली, आणि पीठ थापता थापता पा पा, बा बा. कंटाळले की तू स्वतःच नाकात बोलून मला हसवायचीस. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा तू पिठाचे हात घेऊन शाळेत आलीस आणि गुरुजींना म्हणालीस, हिला पुढं बसवा, उजवा कान तुमच्याकडं करून. मी धडा वाचला. दोनदा त्यांनी थांबवलं, तिसऱ्यांदा शेवटापर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बस खाली. उद्या वेळेवर ये." तू तिथं नुसते हात पदराला पुसलेस. घरी जाताना मात्र विहिरीवर, गिरणीत, दिसेल त्याला थांबवून सांगत सुटलीस.

त्या दोन संध्याकाळी तू विसरली नाहीस. माझ्या लग्नात, बाळंतपणात, अगदी शेवटच्या आजारातही म्हणायचीस, "म्या तुला उपाशी झोपवलं गं." मी म्हणायचे, जाऊ दे. आई, मी उपाशी झोपले नव्हते. दोन्ही वेळा आबांनी मला गोठ्यात नेऊन आपल्या वाटणीची दूध-भाकर खाऊ घातली होती आणि आईला सांगू नको म्हणाले होते. आबा गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. एवढं स्वच्छ बोलायला तू शिकवलंस, आणि हे एक वाक्य मी तुझ्यापुढे कधी बोलले नाही. त्या दोन संध्याकाळींपायी तू मला वाढत राहिलीस, ती पहिली भाकर मला सोडवत नव्हती.