प्रेस चारच्या पानावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी लागली! चिखलीहून कंपनीच्या बसने चाकणला आले, खिडकीची जागा मिळाली. पप्पांनी आयुष्य मशीनवर काढलं आणि पोरगी एसीत बसणार, म्हणून तेच जास्त खूश. ताथवड्याच्या कॉलेजातली डायरीची सवयही पुन्हा सुरू, या वेळी फोनवर.

काम झकास आहे. कंपनीच्या विकीवर प्रत्येक मशीनचं एक पान आहे, मशीनशेजारच्या स्क्रीनवर कामगार ते बघतात. पानात मॅक्रो, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, नाव-सूचना आपोआप भरतात. ते बिघडले की लाल पट्टी येते. ती मी घालवायची. इथली एक पद्धत फार आवडली. दुरुस्तीला प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या अवजड मशीनच्या, जाळीआत जाणारा आधी स्क्रीनवर आपलं नाव घालतो. नाव आहे तोवर प्रेस हलत नाही, आणि ज्याचं नाव त्यानेच ते काढायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार
एका पानात टेबलचा टॅग कोणी बंदच केला नव्हता, त्यामुळे खालचा सगळा मजकूर टेबलात घुसला होता. शोधून काढलं, ऐटीत आमच्या टीमच्या ज्ञानेशसरांना दाखवलं. ते म्हणाले, स्वरूपाने चुटकीसरशी केलं असतं. स्वरूपा म्हणजे माझ्या आधीची. खुर्ची तिची, कप तिचा. कँटीनच्या गोजाबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला, का तर स्वरूपाताई तसाच घ्यायच्या. मला गोड लागतो! ती कुठे गेली विचारलं तर सर फोनमध्ये बघायला लागले. गेली असेल हिंजवडीला, जास्त पगारावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जळफळाट होतोय, लिहूनच टाकते. मी नीट केलेल्या पानांवर पुन्हा लाल पट्टी, तिच्या पानांना काही होत नाही. तिचा कोड उघडला. इतका नेटका की रागच आला. आणि प्रत्येक पानाखाली 'अडचण आल्यास: स्वरूपा'. मग मी काय इथे गवत उपटायला आलेय?

१० नोव्हेंबर, सोमवार
केलं. एक छोटी स्क्रिप्ट चालवली आणि अख्ख्या विकीवर स्वरूपाच्या जागी माझं नाव, रश्मी. लाल पट्ट्याही गेल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

११ नोव्हेंबर, मंगळवार
सर पांढरेफटक पडले. प्रेस चार कायम बंद असते. त्या प्रेसच्या पानावर 'आत: स्वरूपा' होतं, आता 'आत: रश्मी' आहे. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं, हे तू केलंस?

गोजाबाई म्हणाल्या, पोरी, ती कुटं बी गेली न्हाई, हितंच गेली. बाकीचं सरांकडून कळलं. स्वरूपा प्रेस चारच्या जाळीआत होती. मॅक्रो बिघडला, तिचं नाव पानावरून गेलं. ती बाहेर आली असं समजून कोणीतरी प्रेस चालू केली. दुसऱ्या दिवशी नाव आपोआप परत आलं. ते कोणी काढलं नाही. ज्याचं नाव त्यानेच काढायचं.

तरी माझ्या मनात आधी काय आलं, तर म्हणूनच तिचं एवढं कौतुक. मेलेल्या बाईवरही मी जळतेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
माझं नाव निघत नाही. मॅक्रो काढला, जुनं पान परत आणलं, पुन्हा लाल पट्टी. पट्टीवरचा मजकूर मी कोडमध्ये शोधला, कुठेच नाही— 'ही जागा भरलेली आहे.'
गोजाबाईंनी बिनसाखरेचा चहा टेबलावर ठेवला. मला म्हणाल्या, स्वरूपाताई, घ्या. आणि आपण काय बोललो ते त्यांना आठवेना—

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सर म्हणाले, प्रेसजवळच्या स्क्रीनवरून काढून बघ. दुपारी गेले. स्क्रीन बंद. वायर निघालेली, तिचं टोक जाळीआत. फोनवर पान बघितलं, नाव अजून आहे, म्हणजे प्रेस हलणार नाही. आत गेले. वायर बसवली—

दार लागलं. कडी बाहेरून.

हाका मारल्या. माणसं समोरून जातायत, बघत नाहीत. फोन लागत नाही, नुसती लिहितेय—

जाळीतून स्क्रीन दिसतो. आत: रश्मी. आहे. नाव आहे—

स्क्रीनपाशी कोणी नाही. कर्सर हलतोय.

स्वरूपाताई, खुर्ची तुमची, कप तुमचा, सगळी पानं तुमची. एवढं एक नाव राहू द्या—

आत: र

आत: