घासलेला डॉलर

प्रिय टिर्झा,

आधी आली ती शेजारची मर्सी, न बोलावता, माझ्या सफरचंदाच्या पायचा वास काढत. तिच्यामागून तुझा वेंडेलकाका आणि ते नाण्यांचे जाणकार प्रुइटसाहेब. केवढा उंच माणूस! मी म्हटलं, "वाका, वाका, या दारात राज्यपालांनाही वाकावं लागेल." हसले बिचारे. तेवढंच काय ते हसले.

आपला चांदीचा डॉलर बघायला आले होते गं, सतराशे पंचाण्णवचा, मोकळ्या केसांच्या बाईचा छाप असलेला. इतकी वर्षं पिठाच्या डब्यामागे पडून काळाठिक्कर झालेला. तो विकून आजोबांसाठी घरातच नर्स ठेवायची असं ठरलं होतं. हल्ली ते मलाच विचारतात, "बाई, माझी बायको कुठं गेली?" मी सांगते, "बाजारात गेलीय, येईलच." तेवढ्यावर शहाण्यासारखे जेवतात.

आता पाहुणे येणार म्हणजे चांदी घासायची, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या आठवड्यातच शिकवलेलं. चमचे घासले, मिठाची डबी घासली. मग म्हटलं, ज्याला बघायला येतायत त्यालाच काळ्या तोंडानं पुढे करायचं? घेतला खायचा सोडा आणि ओलं फडकं. अशी लखलखली ती बाई, केसाची बट न् बट दिसायला लागली!

प्रुइटसाहेबांनी भिंग लावलं, काढलं, परत लावलं. मग हळूच म्हणाले, "आजी, तो काळेपणाच मोलाचा होता. दोनशे वर्षांची कातडी तुम्ही सोलून काढलीत." वेंडेल पांढराफटक. साहेबांनी पत्रात बजावलं होतं म्हणे, फडकंसुद्धा लावू नका. आणि यानं ते सांगितलं कुणाला, तर आजोबांना! "घरातल्या मोठ्या माणसाला सांगितलं ना, आई," म्हणतो. आता येईल त्या किमतीत नर्स दोन महिनेही टिकायची नाही. मर्सी म्हणते, "पण दिसतंय छान हो." तिचं तोंड बंद राहावं म्हणून पायचा आणखी एक तुकडा वाढला.

रडले नाही हं मी. चहा केला सगळ्यांना.

लिहायचं कारण हे, की वेंडेलनं आजोबांसाठी गावातल्या वृद्धाश्रमात खाट सांगून ठेवलीय. त्याआधी ये, पोरी. तुझं नाव अजून त्यांच्या तोंडी आहे, माझं नाही. आपल्या खुर्चीत, आपल्या चुलीपाशी बसून एकदा बघू देत तुला. प्रुइटसाहेबांची गाडी ऐसपैस आहे, त्यांनी आपणहून देऊ केली. तीच घेऊन वेंडेल आणि ते, दोघं आजोबांना न्यायला परत येतो म्हणालेत, गुरुवारी सकाळी.

तुझीच,
हॅना आजी