कडलहळ्ळीत कोणी आढळले नाही

२ डिसेंबर २०२४, सोमवार

केंद्रप्रमुखांचा फोन. गावाची माहिती लिहून पाठवा म्हणे, दोन पानं, आठवड्याच्या आत. मी विचारलं, गावाची की शाळेची? ‘दोन्हींची. पट नऊ आहे बाई तुमचा. शाळा ठेवायची की शेजारच्या गावात घालायची, ते यावरून ठरणार. मग पथक येऊन बघेल. मुलं हजर दिसली तर बोलता येईल काही.’

अकरा वर्षं झाली मला इथं. अकरा वर्षांत कुणाला या गावाची माहिती लागली नव्हती. आता बंद करायचं म्हटल्यावर लागली!

५ डिसेंबर

लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. एकूण घरे – त्रेसष्ट. बरोबर. पण त्यातल्या एकतीस घरांना कुलूप आहे त्याचं काय? चूल पेटते अशी घरं किती, असा रकानाच नाही. पुण्याला गेलेले, सोलापुरात वॉचमन झालेले, उसाला गेलेले – सगळे कागदावर इथंच राहतात. मीही ठोकून दिलं त्रेसष्ट.

जमीन – काळी. पावसाळ्यात चप्पल ओढून घेते, उन्हाळ्यात भेगांत पाय जाईल अशी. पिके – शाळू, हरभरा, तूर. यंदा शाळू बरा आहे, कमरेला लागलाय. पाणी – दोन दिवसांआड नळ, तोही अर्धा तास. भाषा – घरात कन्नड, शाळेत मराठी, भांडण दोन्हींत. (हे अर्थात लिहिलं नाही.) रस्ते – दोन. एक अक्कलकोटकडून, खड्ड्यांचा. दुसरा दुधनीकडून ओढ्यातून येतो, त्याला रस्ता म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. एसटी – नाही. दवाखाना – नाही. वाणसामानाचं दुकान – एक, मालकाला वाटलं तर उघडं.

शेजारच्या गावची शाळा – चार किलोमीटर, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की तिथं कोण जाणार? कुणीच नाही. हे मात्र लिहिलं. खाली लाल शाईनं रेघही मारली.

८ डिसेंबर, रविवार. सोलापूर

शनिवारी घरी आले. संस्कृती स्वयंपाकघरात उभी होती, कुकरकडं बघत म्हणाली, ‘आई, मला बुधवारी पाळी आली.’ बुधवारी! आज रविवार. मी म्हटलं, फोन का नाही केलास? ‘काकूनं सांगितलं सगळं. तुला रेंज नसते ना.’

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं.

बदलीचा अर्ज तीनदा केला. तीनदा तेच उत्तर – एकशिक्षकी शाळा, बदली शिक्षक मिळेपर्यंत सोडता येत नाही. कडलहळ्ळीला बदली शिक्षक म्हणून कोण येतंय? माझ्या जागी दुसरी कुणी वेडी जन्माला यायची आहे. संस्कृतीचे बाबा, गुरुशांत, जेवताना सहज बोलून गेले, ‘शाळाच बंद झाली तर तुला सोयीचं गाव मिळेल की.’ मी ताटावरून उठले. नऊ पोरांच्या जिवावर मी घरी यायचं? असं बोलवतं कसं या माणसाला!

१२ डिसेंबर

माहिती पाठवली. ‘मिळाली’ एवढंच उत्तर. अंगठासुद्धा नाही.

१६ डिसेंबर

रत्नम्माच्या ओसरीलगतच्या खोलीत मी राहते. रोज संध्याकाळी ती दारातून विचारते, ‘ऊटा आतेन्री, बाई?’ – जेवण झालं का. झालं म्हटलं तरी वाटीभर काहीतरी ठेवतेच. आज शेंगांची चटणी.

तिची नात प्रियंका तिसरीत आहे. आईबाप दिवाळी झाली की श्रीपूरला उसाच्या टोळीवर जातात, पोरगी आजीजवळ. नऊ पोरांत ही एकटी अशी, की धडा संपला तरी पुस्तक मिटत नाही. ‘बाई, पुढं काय झालं?’ अगं, पुढं स्वाध्याय झाला!

रत्नम्माला पथकाचं कळलंय. म्हणाली, ‘शाळा हाय म्हून पोरीला हितं ठिवली, बाई. शाळाच न्हाय म्हटल्यावर कोण ठिवतंय? ल्योक म्हनतोच, उसाचं वाढं बांधायला एक हात होतोय. एकदा उसाच्या फडात शिरली की संपलं बगा.’

मी म्हटलं, असं नाही होऊ द्यायचं आपण. ‘आपण’ म्हटलं की बरं वाटतं.

२७ डिसेंबर

पथक सोमवारी येणार. तीस तारखेला, अकरा ते दोन. तारीख वाचली आणि डोक्याला हात लावला – त्या दिवशी वेळामावस्या! सगळं गाव शेतात. घरात चूल पेटत नाही, गावात कुत्रं राहत नाही. केंद्रप्रमुखांना फोन केला. ‘पथक बाहेरचं आहे बाई, त्यांना नका सांगू सणवार. तारीख बदलत नाही.’

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बैठक. शाळा समितीचे अध्यक्ष सोमशेखर, रत्नम्मा, येडू, आणखी चारपाच जण. मी सांगितलं, मुलांना दोन वाजेपर्यंत शाळेत बसवू, मग शेतात नेऊ.

सोमशेखर उसळले. ‘सनाच्या दिशी लेकरं चार भितीत? आन सायेब तेवढ्या लांबून येनार, त्याला उपाशी लावून द्यायचं व्हय? वाटंनं जानारा परकाबी त्या दिशी जेवल्याबिगर सोडत न्हाय आमी. सायबाला थेट शेतात आनू. नऊच्या नऊ पोरं पंगतीला बसलेली बगू दे. पोटात भज्जी गेली म्हंजी शाळा बंद करायची जीभ रेटल व्हय त्याची?’

सगळ्यांना पटलं. येडू म्हणाला, मी गाडी घेऊन अक्कलकोटच्या फाट्यावर थांबतो, जीप दिसली की पुढं होऊन शेतात आणतो. ‘बाई, तुमीबी कुलूप घाला आन चला. तुमच्याबिगर शाळा कसली?’

मी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

३० डिसेंबर, सोमवार

संपलं.

सकाळी दहाला शाळेला कुलूप लावून निघाले. सोमशेखरांचं शेत माळाच्या उतारावर. मधोमध कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, समोर आंबिलीचं मडकं. बायका पहाटेपासून राबलेल्या – सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, शेंगापोळ्या. सोमशेखर डोक्यावर घोंगडं घेऊन शेताभोवती आंबील शिंपडत आरोळ्या देत फिरले, पोरं मागं मागं. नऊच्या नऊ हजर! गणवेशात! प्रियंकानं साहेबांना म्हणून दाखवायला कविता पाठ केली होती. साहेबांसाठी वेगळा पाट, वर धुतलेला टॉवेल.

साडेबारापर्यंत वाट बघितली. मग पोरांना भूक आवरेना, पंगत धरली. कोपीत दाटी झाली म्हणून मी आणि प्रियंका बाहेर बांधावर बसलो.

दोन वाजले. तीन वाजले. येडू सकाळपासून फाट्यावर उभा, उपाशी. साडेतीनला तोंड पाडून आला – ‘जीप आलीच न्हाय की.’

आली होती. गावात परतल्यावर कळलं. शाळेच्या आवारात चाकांचे ताजे वण, दाराला कागद चिकटवलेला. दुधनीकडची शाळा आधी करून तिकडूनच ओढ्यातून आले असणार. अक्कलकोटच्या फाट्यावर कोण कशाला जाईल! शेतात फोनला रेंज नाही. गाडी कधी आली, कधी गेली, कुणाला दिसली नाही.

पाट तसाच राहिला. टॉवेल सोमशेखरांनी घडी करून खांद्यावर टाकला आणि पुढं चालत गेले.

१ जानेवारी २०२५

केंद्राच्या ग्रुपवर फोटो आलाय. आमच्या शाळेचं दार, कुलूप, खाली तारीख आणि वेळ – दुपारी १२.५०. अहवालातल्या तीन ओळी – ‘भेटीच्या वेळी शाळा बंद. उपस्थिती शून्य. गावात कोणी आढळले नाही.’

त्याखाली कुणीतरी नववर्षाच्या शुभेच्छा टाकल्यात.

मी दोन पानं लिहिली होती. दोन पानं! पाणी, पिकं, रस्ते, लाल रेघ. त्यांनी तीन ओळींत गाव पुसलं.

६ जानेवारी

सोमशेखर आणि येडू तिसऱ्यांदा अक्कलकोटला जाऊन आले. सण होता, आम्ही शेतात होतो, चला परत मोजा, हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, अहवाल वर गेला. वर म्हणजे कुठं, ते या देशात कुणाला माहीत नाही.

मला शाळा बंद ठेवल्याची नोटीस आलीय. संध्याकाळी सोमशेखर दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. ‘बाई, चूक आमची. तुमी सांगत हुता, आमी ऐकलं न्हाय. आमच्यापायी तुमाला नोटीस आली. माफ करा.’ साठीचा माणूस, हात जोडून उभा! मी म्हटलं, अहो असं काय करता, चूक कुणाचीच नाही.

ते गेल्यावर दार लावून घेतलं. चहा ठेवला होता तो उतू गेला. पुसलाही नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. प्रियंकाचा बाप श्रीपूरहून आला आणि आज सकाळी तिला घेऊन गेला. आदेश अजून हातात नाही, पण बातमी टोळीपर्यंत पोचली. मी रस्त्यात गाठलं त्याला. जूनपर्यंत तरी राहू द्या म्हटलं. ‘कशाला बाई? जूनला काय दुसरी शाळा उगवनार हाय हितं?’

पोरीच्या पाठीला दप्तर होतंच. फडात दप्तर कशाला, कुणी विचारलं नाही. मी तिच्या हातात गोष्टींचं पुस्तक दिलं. तिनं घेतलं. माझ्याकडं नुसती बघत राहिली. नेहमी शंभर प्रश्न विचारणारी पोर! मोटरसायकलवर बापाच्या मागं बसली तरी मान वळवून बघत होती.

रत्नम्मानं आज ‘ऊटा आतेन्री’ विचारलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. आठ मुलं, अकरा माणसं. जिलेबी उरली.

३१ जानेवारी

आदेश आला. शाळा बंद. मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत. माझं समायोजन – मंद्रूपजवळच्या शाळेत, घरून जाऊन येऊन करता येईल. गुरुशांतांना फोन केला तर म्हणाले, ‘सुटलीस!’ मागून संस्कृती ओरडली, ‘म्हणजे आता रोज?’ रोज, म्हटलं. ती हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं.

ओढ्यापलीकडं आठांतली तीनच जाणार आहेत. बाकीच्यांचं बघू म्हणतात. या गावातलं ‘बघू’ मला अकरा वर्षं ठाऊक आहे.

१ फेब्रुवारी

किल्ली सोमशेखरांकडं दिली. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, ‘आता हिचं काय करू?’

बायकांनी शाळेच्या पायरीवर माझी ओटी भरली. रत्नम्मानं शेंगापोळ्यांचं गाठोडं बांधून दिलं. म्हणाली, ‘तुमी लई केलं बाई आमच्या लेकरांचं. आमचंच नशीब खोटं.’ पायाला हात लावायला वाकत होती, मी तिला वरच्या वर धरलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायाशी वाकावं! टेम्पो निघाला तरी मला कुणाकडं नीट बघता येईना. त्यांना वाटलं, मी रडतेय.

९ फेब्रुवारी, रविवार. सोलापूर

तीस तारखेचं पान काढून पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य खोटं आहे.

गाडी दिसली होती. मला दिसली होती. बांधावरून गाव सगळं दिसतं. पांढरी जीप ओढ्यातून वर चढली, शाळेसमोर दहा मिनिटं उभी होती. हाक मारली असती तर येडूचा भाऊ मोटरसायकलवर पाच मिनिटांत पोचला असता.

प्रियंकालाही दिसली. घास हातात धरून ती म्हणाली, ‘बाई, गाडी –’

मी तिच्या ताटात अजून एक उंडा वाढला. ‘जेव आधी,’ म्हटलं.

ती जेवली.